ओढ आणि माप

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, सिलिंडर चार. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला २७२ सीसी आले. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला आणि सिलिंडर हवेनं काठोकाठ भरला असं धरू. त्या हवेचं वजन भरतं ग्रॅमचा साधारण तिसरा हिस्सा. पेट्रोल पुरतं जळायला, वजनाच्या हिशेबात, एका भागाला १४.७ भाग हवा लागते. भागाकार करून पाहा: ०.०२२ ग्रॅम पेट्रोल, म्हणजे ०.०३ मिलिलिटर. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीतून पडणारा थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. घरातली सहा माणसं, डिकीत सामान आणि टपावर वळकट्या घेऊन हीच फियाट खंडाळ्याचा घाट चढत असे, तेव्हासुद्धा एका स्फोटाला तिला अख्खा थेंब लागत नसे. सिग्नलला उभी असताना तर त्याच्याही तिसऱ्या-चौथ्या हिश्शात भागतं.

हा अर्धामुर्धा थेंब नेमका किती द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. इंजिन ४८०० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडर तो सेकंदाला ४० वेळा मागतो. जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवण्याबद्दल जे काही बोललं जातं, म्हणजे पिकअप, अ‍ॅव्हरेज, थंडीत पहिल्या सेल्फला गाडी सुरू होणं, ते सगळं फिरून या थेंबापाशी येतं. माझा मावसभाऊ त्याच्या वडिलांच्या १९७८च्या पद्मिनीवर हे काम करत आला आहे. मी त्याचा हमाल, हिशेबनीस आणि शेजारच्या सीटवर लॅपटॉप धरून बसणारा. पाने घेऊन मी फारसं काही केलं नाही, पण बघत बसलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. त्यातून जे एकच सूत्र हाती लागलं, ते सावकाश उलगडून सांगतो.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कोणी देत नाही. हवा ते ओढून घेते. इंजेक्शनमध्ये हवा आधी मोजली जाते आणि मग पेट्रोल दिलं जातं.

पहिलं आधी बघू. जुन्या घरांतून डासांवर मारायचा फ्लिटचा पंप असे. दट्ट्या पुढे लोटला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून सपकन जाई, डब्यातलं औषध त्या नळीतून आपोआप वर चढे आणि त्याचा फवारा होई. झोताच्या जागी दाब कमी झालेला असतो, डब्यातला दाब औषधाला वर लोटतो, बस. विल्हेल्म मायबाखनं जर्मनीत १८९३ साली फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला तो याच युक्तीवर. त्याच वर्षी हंगेरीत डोनात बांकी आणि यानोश चोंका हेही याच वाटेनं गेले. कार्बोरेटरच्या पोटात एक गळा असतो, मध्ये अरुंद केलेला. इंजिन हवा आत घेतं, गळ्याशी हवेचा वेग वाढतो, आणि तिथे उघडणाऱ्या नळीतून पेट्रोल खेचलं जातं. बाजूला फ्लोटची वाटी असते. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक जे करतो तेच तिथे फ्लोट करतो, पेट्रोलची पातळी कायम ठेवतो.

यातली गंमत अशी की मोजणं आणि देणं ही दोन कामंच नाहीत. जास्त हवा आली की जास्त ओढ, जास्त ओढ की जास्त पेट्रोल. ना वायर, ना बॅटरी, ना हिशेब. शंभरेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या या एका ओढीवर पळाल्या. या यंत्राला मागासलेलं म्हणणाऱ्यांनी ते एकदा उघडून बघावं.

पण उघडलं की दुसरीही गोष्ट दिसते. आत एक नळी नसते. निरनिराळ्या वाटा असतात. गाडी उभी असताना गळ्यातून हवा इतकी हळू जाते की ओढच लागत नाही. म्हणून स्लो जेट वेगळा, त्याचं भोक थ्रॉटलच्या पाकळीखाली. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर हवा हलकी म्हणून लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं, आणि गाडी एक उचकी देते. म्हणून एक छोटा पंप, पायाबरोबर पेट्रोलची पिचकारी मारणारा. इंजिन थंड असेल तर पेट्रोलची वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटून बसतं. म्हणून चोक. वेग फार वाढला तर ओढ प्रमाणाबाहेर जाऊन मिश्रण घट्ट होऊ लागतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, म्हणून पेट्रोलच्या नळीतच थोडी हवा सोडायची. जिथे जिथे ओढीचं चालेना तिथे तिथे एकेक ठिगळ लावलेलं आहे, आणि ठिगळं पितळेची आहेत.

नाना पेठेतले आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. इंजेक्शनचं काढलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, “करा की. पण आधी हा साफ करून बघा.” मग त्यांनी कार्बोरेटर सोडवून जेट काढला, उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून भोकातून पाहिलं, तोंडाला लावून फुंकर मारली, पुन्हा पाहिलं. भाऊ तारेचा तुकडा घेऊन पुढे झाला तसे ते ओरडलेच. तार घालायची नाही. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेनं खरवडून तो १२५ झाला, तर फरक केसाएवढाही नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं आणि प्लग काळे पडायला लागतात. चाचांनी हा हिशेब कधी केला नसेल. त्यांना तो ठाऊक आहे. हा १२५ लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

ओढीची एक खोड मात्र कुठल्याच जेटनं गेली नाही. मुंबईहून महाबळेश्वरला निघालं की आपण समुद्रसपाटीपासून १३००-१४०० मीटर वर जातो. तिथली हवा जवळजवळ आठवा हिस्सा विरळ. ओढ ही हवेच्या वेगाला नीट ओळखते, पण वजनाला अर्धवटच ओळखते; गणितात ते वर्गमूळ होऊन येतं. हवा १२ टक्के घटली तर पेट्रोल घटतं सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर पोचेपर्यंत मिश्रण सहा-सात टक्के घट्ट झालेलं असतं. पाचगणीच्या पुढे फियाट मंदावली की वडीलमंडळी म्हणायची, ‘गाडीला हवा मानवत नाही.’ यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं हे वाक्य शब्दशः बरोबर आहे.

आता दुसरी बाजू.

हवा ओढून घेईल यावर विसंबायचं नाही असं एकदा ठरवलं, की हवा किती आली ते वेगळं कळायला हवं. बॉश कंपनीनं १९६७ साली फोक्सवागन १६००वर डी-जेट्रॉनिक बसवलं. त्यातला ‘डी’ म्हणजे जर्मनमधला ‘द्रुक’, दाब. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीतला, दाब मोजायचा आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधायचा. १९७४च्या एल-जेट्रॉनिकमधला ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. तिथे येणारी हवाच मोजली. घरगुती बनावटीच्या आजच्या पद्धती, मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारख्या, बहुधा दाबाचा मार्ग घेतात. सिलिंडरचं आकारमान ठाऊक आहे. मॅनिफोल्डमधला दाब सेन्सर सांगतो, हवेचं तापमान दुसरा सेन्सर सांगतो. शाळा-कॉलेजातलं वायूचं समीकरण लावलं की हवेचं वजन निघतं. महाबळेश्वरची हवा विरळ असली तर दाब कमी दिसतो, हिशेब कमी येतो, संपलं. अर्धवट ओळखण्याचा प्रश्न उरत नाही.

मग थेंब. इंजेक्टर म्हणजे विजेनं उघडमीट होणारी तोटी. तिच्या मागे पेट्रोल कायम एकाच दाबानं उभं, साधारण तीन बार. दाब ठरलेला, भोक ठरलेलं, मग बदलायचं काय? फक्त वेळ. तोटी किती मिलिसेकंद उघडी ठेवायची, एवढंच ईसीयूच्या, म्हणजे हा हिशेब करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, हातात असतं. कार्बोरेटरमध्ये थेंबाचं माप पितळेच्या भोकात होतं. इथे ते घड्याळात गेलं.

ही कल्पना जर्मनांच्याही आधी अमेरिकेत आली होती, आणि आपटली होती. बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रोजेक्टर १९५८च्या क्रायस्लर, डिसोटो, डॉज, प्लिमथच्या मोजक्या गाड्यांवर बसलं. विचार बरोबर होता, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता आणि धक्के सोसेनात. शेवटी बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांच्यावर कार्बोरेटर बसवून दिले. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि कार्बोरेटर यांच्यातली पहिली अदलाबदल अशी उलट्या दिशेनं झाली. बेंडिक्सचे हक्क पुढे बॉशकडे गेले.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं. गॅरेजमध्ये कळलं ते वेगळं. ओढ काढून घेतली की तिच्या जिवावर उभं असलेलं बाकीचं घरही पुन्हा बांधावं लागतं. इंजेक्शनचा संच मागवणारे लोक इथे फसतात. त्यांना वाटतं, कार्बोरेटर सोडवायचा, त्या जागी नवं बसवायचं, चार नट.

आधी पेट्रोल. जुना पंप इंजिनाच्या अंगाला लावलेला, आत रबरी पडदा, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर हलणारा. त्याला फक्त फ्लोटच्या वाटीपर्यंत पेट्रोल पोचवायचं असे. दाब पाव बारच्या आसपास. आता तीन बार हवेत, दहा-बारा पट. त्यामुळे मागे टाकीशी विजेचा पंप, वेगळा फिल्टर, दाब धरणारा रेग्युलेटर, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी. जुना रबरी पाइप आणि साधी क्लिप तीन बारांना टिकत नाही. टिकला नाही तर पेट्रोलचा फवारा उडतो तो तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी. इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे, त्यासाठी रिले. या बाबतीत काटकसर करणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही, मावसभाऊ असला तरी.

याचा एक लाभ मात्र रोकडा आहे. मे महिन्यात घाटात बॉनेट उघडून, पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, पंप वाफ ओढत बसायचा, आणि अख्खं कुटुंब दगडावर बसून काकडी खायचं. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, आणि सतत फिरत राहिल्यानं एका जागी तापतही नाही. ओल्या फडक्याची गरज संपली.

पण गाडीनं दुसरा धडा दिला. पहिल्यांदा बाहेर काढली ती दिवेघाटात. टाकी पाव भरलेली. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर इंजिन क्षणभर मेलं, पुन्हा पेटलं, पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा मेलं. सरळ रस्त्यावर काहीच नाही. आम्ही वायरी चाचपल्या, लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. चाचांना फोन केला तर त्यांनी विचारलं, “टाकीत किती आहे?” वळणावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जाऊन पंपाचं तोंड उघडं पडत होतं. हे पूर्वीही होत असणार. पण पूर्वी फ्लोटच्या वाटीत चार घोट शिल्लक असायचे, त्यावर वळण निघून जायचं. ती वाटी आम्ही मोडीत काढली होती. आता टाकी आणि पंपामध्ये एक छोटं भांडं बसवलं आहे. जुना पंप त्यात पेट्रोल भरतो, नवा त्यातून घेतो. थोडक्यात, काढलेली वाटी आम्ही दुसऱ्या नावानं परत आणली.

मग वीज. आमच्या गाडीत डायनॅमो होता. सिग्नलला उभं असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, हेडलाइट पिवळट पडायचे ते त्यामुळे. नवा पंप एकटाच पाच-सहा अँपिअर खातो. आणि बॅटरीचे व्होल्ट घसरले की इंजेक्टरची सुई उचलायला वेळ जास्त लागतो, म्हणजे थेंब लहान होतो. हेडलाइट लावला म्हणून मिश्रण बदललं, असला विनोद. तेव्हा अल्टरनेटर बसवणं भाग पडलं. शिवाय डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटच्या ठिणग्यांमुळे सिग्नलमध्ये कचरा येतो, आणि ईसीयूला फेऱ्या चुकीच्या दिसतात. म्हणून क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचं चाक बसवलं, एक दाता मुद्दाम काढलेला. त्या रिकाम्या जागेवरून इंजिन कुठे आहे ते कळतं. आणि अर्थिंग. जुन्या गाडीत अर्थ म्हणजे गंजलेला बोल्ट. ओढीला अर्थ लागत नव्हता. मापाला तो लागतो.

इंजेक्टरच्या निवडीत आमची एक चूक झाली, ती सांगतो, कारण ती सगळे करतात. भावानं एका मोठ्या गाडीचे आणले, ‘मोठे बरे’ म्हणून. वेगात उत्तम, पण उभ्या गाडीत स्लो काही लागेना, गाडी मिसिंग करत थरथरायची. कारण सोपं होतं. तोटी मोठी असली की उभ्या गाडीचा इवलासा थेंब द्यायला ती फारच थोडा वेळ उघडावी लागते, आणि सुई उचलायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास जातो. उघडते न उघडते तोच मिटायची वेळ. पद्मिनीची ताकद ४० अश्वशक्तीच्या घरात, सिलिंडरमागे दहा. एमपीएफआय मारुती ८००ची ३७, तीन सिलिंडरांत वाटून बारा. म्हणजे मारुतीचे इंजेक्टर तिला अंगाबरोबर बसणारे. बाजारात सगळीकडे मिळतात हे वर. मॅनिफोल्ड कापायचा नव्हता, म्हणून कार्बोरेटरच्या बैठकीवर लेथवर करून घेतलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवला, त्यात चार इंजेक्टर, वर थ्रॉटल. जाणकार म्हणतील की प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी वेगळा इंजेक्टर हवा. खरं आहे, पण प्रत्येक जुन्या इंजिनाला ते साधत नाही. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनात दोन-दोन सिलिंडर हवेची एकच वाट वापरतात. त्याच घराण्यातल्या मिनीला रोव्हरनं १९९६मध्ये मल्टिपॉइंट दिलं, तेही चार सिलिंडरांना दोनच इंजेक्टर लावून.

एवढं सगळं झालं, सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. इथे मला वाटलं काम संपलं. खरं तर ते इथे सुरू झालं.

समीकरण हवेचं वजन सांगतं खरं, पण सिलिंडर काठोकाठ भरला असं धरून. प्रत्यक्षात तो कधी ७० टक्के भरतो, कधी ८५. ते व्हॉल्व्हवर, कॅमवर, सायलेन्सरच्या नळीवर, फेऱ्यांवर अवलंबून. म्हणून ईसीयूत एक तक्ता असतो: आडव्या ओळीत फेऱ्या, उभ्या ओळीत दाब, १६ गुणिले १६, चौकटी २५६. प्रत्येक चौकटीत एक आकडा. कारखान्यातून निघालेल्या गाडीत तो तक्ता इंजिनिअरांनी भरून दिलेला असतो. आमच्या १९७८च्या इंजिनाचा तक्ता कोणत्या दुकानात मागायचा? तो आम्हालाच भरायचा होता.

एक्झॉस्टच्या नळीला भोक पाडून ऑक्सिजनचा सेन्सर बसवला. जळून बाहेर पडलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला यावरून आत काय झालं ते तो सांगतो. गाड्यांत तो पहिल्यांदा व्होल्वोनं १९७६मध्ये वापरला. मग आम्ही दर रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याला. भाऊ हँडलच्या गिअरवर हात ठेवून म्हणतो, “दादा, दुसऱ्यात धरतोय, बघ.” मी मांडीवरच्या पडद्यावर बघतो. २२०० फेऱ्या, दाब ७०, आकडा १६.१, पातळ. त्या चौकटीत तीन वाढवले. पुन्हा तोच चढ, तोच गिअर. १४.९. एक वाढवला. पुढची चौकट. अशा २५६पैकी रोजच्या चालण्यात उपयोगी पडणाऱ्या शंभरेक चौकटी भरायला आम्हाला सात रविवार लागले, आणि त्या रस्त्यावरचा एकूणएक गतिरोधक तोंडपाठ झाला.

या पडद्यावर बाकीचे तक्ते उघडले तेव्हा मला हसू आलं. एक तक्ता होता, इंजिन थंड असताना किती पेट्रोल वाढवायचं त्याचा. हा चोक! दुसरा, अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर किती वाढवायचं. ही चाचांची पिचकारी. कारण पेट्रोल इथेही मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतंच. थेंब मोजून दिला म्हणून निसर्ग बदलत नाही. उभ्या गाडीच्या चौकटी म्हणजे स्लो जेट. जुनी सगळी ठिगळं हजर होती, फक्त पितळ जाऊन आकडे आले होते. चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “म्हणजे भोक बारीक-मोठं इथून करायचं?” मी म्हटलं, “हो चाचा.” ते म्हणाले, “तार न घालता.” आणि हात पुसत उठले.

फरक इथेच पडला, आणि तो लहान नाही. जेट एकदा कोरला की कोरला. तो स्वतःचं काम तपासू शकत नाही. तक्त्याला एक्झॉस्टमधला साक्षीदार मिळाला. आपण दिलेला थेंब बरोबर होता की नाही हे गाडीला आता मागाहून कळतं आणि पुढचा थेंब ती सुधारते.

याची गरज आज का वाढली ते पेट्रोल पंपावर दिसतं. देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाच्या पट्ट्यातलं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. ई२०ला साधारण साडेतेरा. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त हवं. कार्बोरेटरची ओढ हे ओळखत नाही, ती पूर्वीइतकंच खेचते आणि इंजिन पातळ मिश्रणावर तापत चालतं. उपाय विचाराल तर १२०चा जेट काढून १२५चा घाला. चाचा ज्यासाठी ओरडले होते, नेमका तेवढाच फरक! पुन्हा इंधन बदललं की पुन्हा जेट. सेन्सर असलेली गाडी हे स्वतः सावरते. मात्र इथेनॉलनं फुगणारे जुने रबरी पाइप आणि वॉशर दोन्ही प्रकारांत बदलावेच लागतात, इंजेक्शननं ती जबाबदारी टळत नाही.

माझं मत विचाराल तर असं. गाडी रोज किंवा दर आठवड्याला चालवणार असाल, घाट चढणार असाल, लॅपटॉपची भीती नसेल आणि वायरिंग मुळापासून नवं करायची तयारी असेल, तर इंजेक्शन जरूर बसवा. वर्षातून दोनदा, रॅलीपुरती गाडी बाहेर काढणाऱ्यानं या भानगडीत पडू नये. त्यानं कार्बोरेटर एखाद्या चाचांकडून नीट करून घ्यावा, जेट बदलावा, आणि सुखानं राहावं. अ‍ॅव्हरेजसाठी म्हणून तर कोणीच करू नये. जेवढं पेट्रोल वाचेल त्याच्या कितीतरी पट संचातच जाईल.

आणि जे कराल ते उलटं फिरवता येईल असं करा. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आमची २०२८ साली पन्नाशी गाठेल. त्या वेळी इंजेक्शन चालेल की नाही हे आरटीओत विचारून मगच ठरवू. तोवर मॅनिफोल्डला करवत लागलेली नाही, चोकची वायर डॅशबोर्डमागे गुंडाळून ठेवली आहे, ठोकळा चार नटांवर आहे. सोलेक्स बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, जेट, फ्लोट आणि नव्या गॅस्केटसकट, तेलाच्या फडक्यात बांधलेला. डब्याच्या झाकणावर चाचांनी खडूनं लिहून ठेवलंय: ‘चालू’.